चौसष्ट सह्या

२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

हे पत्र घरचं आहे, पण बातमी ऑफिसातली आहे.

आमच्या शिक्षण कार्यालयाच्या मासिक वार्तापत्रात डिसेंबरपासून ‘अखंड हजेरी’ नावाचं पान सुरू होतंय. सलग वीस वर्षं किंवा जास्त काळ एकही रजा न घेतलेल्या कर्मचाऱ्यांची नावं, फोटो आणि चार ओळी. यादी काढायचा प्रोग्राम मी लिहिला. छप्पन्न शाळांमधले दोन हजार तीनशे चाळीस कर्मचारी तपासले. चौदा नावं निघाली. अकरावं तुझं आहे.

नात्यातलं नाव आहे म्हणून मी तीनदा पडताळलं आणि चौथ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंना पडताळायला लावलं. एकवीस वर्षं चार महिने, रजा शून्य. मावशी, हे सोपं नाही. आमच्या साहेबांचं गेल्या महिन्यातलंच शून्य नाही.

बाकी नेहमीचं. अंकाची आठ पानं अकरा वेळा बदलून झाली. एका शाळेने गच्चीवरच्या नव्या पाण्याच्या टाकीचा फोटो पाठवलाय. त्यात नऊ माणसं आहेत, टाकी दिसत नाही. दुसरा मागितला तर त्यात बारा माणसं आली. डोळे दुखतात, पण चष्म्याचा नंबर तोच आहे असं डॉक्टर म्हणतात.

तुझा एक फोटो लागेल. साधी पार्श्वभूमी, चेहरा समोर.

तुझी भाची


६ नोव्हेंबर

प्रिय फूटपट्टी,

तुझं पत्र मिळालं. चारी बाजूंनी समास, ओळी सरळ. वाचावं की तपासून सही करून परत पाठवावं, कळेना. फोनवर तू ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेवते’ एवढंच बोलतेस, म्हणून मीही लिहायलाच बसले.

नाव काढून टाक माझं. फोटोत मी पोलिसांना हवी असल्यासारखी दिसते, हे एक. दुसरं, आता गुडघे बोलायला लागलेत, दोन जिने चढले की तिसऱ्याला नमस्कार. असल्या बाईचा कसला सत्कार करता? एखाद्या चुणचुणीत शिक्षिकेचा करा, तिला पुढे उपयोग होईल.

तोफेला सांगितलं. तिला तू फारशी पाहिलेली नाहीस, पण ऐकलेली आहेस. मी फोन करते तेव्हा मागे जो आवाज येतो तो तिचा. आम्ही दोघी शिपाई. मोठ्या वर्गांची इमारत तिच्याकडे, छोट्यांची माझ्याकडे. चार महिन्यांनी ती निवृत्त होतेय. यादीचं ऐकलं आणि गप्पच बसली. तोफ गप्प बसलेली मी आजवर पाहिली नव्हती. मोठ्या बाईंनी विचारलं, घसा बसला का.

तेव्हा काढून टाक. तुझ्याच हातात आहे ना ते?

पत्र आमच्या ऑफिसच्या थैलीतून पाठवतेय, मंगळवारी तुमच्याकडे पोचते.

मावशी


१० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

पहिल्यांदा थैलीबद्दल. ती शाळा आणि कार्यालय यांच्यातल्या कागदांसाठी आहे. तुझं पत्र आवक-जावक कारकुनाने माझ्या टेबलावर ठेवलं, वर शिक्का मारून. त्याला आवक क्रमांक ४११७ मिळाला आहे. पुढचं पत्र तिकीट लावून पाठव.

आता नावाबद्दल. यादी माझ्या हातात नाही. अटी साहेबांनी ठरवल्या, प्रोग्राम त्या लावतो. मी एक नाव हाताने काढलं तर बाकीच्या तेरा नावांना काय अर्थ राहिला? नकार द्यायचा रकाना फॉर्मात नाही. लेखी नकार दिलास तर कारण विचारलं जाईल आणि त्यावर टिपण तयार होईल. इथे टिपण तयार झालं की ते मरत नाही.

तुला संकोच वाटतो हे समजतं. पण ही शाबासकी नाही, नोंद आहे. जे झालं तेच छापायचं आहे.

आणखी एक. मागच्या वर्षी एका शाळेच्या लेखनिकाचा ‘आदर्श उपस्थिती’ म्हणून सत्कार झाला आणि समारंभातच कोणीतरी विचारलं, हे दीड वर्ष दुसऱ्या गावी दुकान चालवत होते ना? तेव्हापासून साहेब सावध झालेत. या वेळी यादीतल्या प्रत्येकाचे मूळ हजेरीपट मागवले आहेत. ते मी स्कॅन करायचे आणि एक डिसेंबरला तिघांची समिती पानन् पान बघणार. म्हणजे तुझ्या नावावर कोणी बोट ठेवू शकणार नाही. हे चांगलंच आहे.

फोटो अजून आला नाही.

तुझी भाची


१३ नोव्हेंबर

फूटपट्टे,

तिकीट लावलंय. बघ, सरळ लावलंय.

ते जुने हजेरीपट अजून आहेत का गं? आमच्याकडे भांडारखोलीचं छत दोन पावसाळे गळत होतं. मला वाटलं होतं, भिजून लगदा झाला असेल. परवा तुमच्या ऑफिसची गाडी आली आणि मोठ्या बाईंनी माझ्याच हातून ती बाडं काढून घेतली. एकवीस वर्षांची बाडं, माझ्याच डोक्यावरून गाडीत. एकही भिजलेलं नव्हतं. तळच्या फळीवर मीच कधीतरी प्लास्टिक अंथरलं होतं.

तूच बघणार आहेस ना सगळं? की दुसरं कोणी? आधी कोण बघतं? पानन् पान म्हणजे खरंच पानन् पान?

फोटो काढायला गेले नाही. दुकान बंद होतं.

मावशी


१८ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

काल तुझ्या शाळेची बाडं उघडली. सुरुवातीपासून घेतली, म्हणजे तुझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून.

तुझी सही मला ओळखता येते. शेवटी एक रेघ ओढतेस आणि रेघेखाली दोन ठिपके देतेस. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही म्हणून तू तीच करायचीस. दुसऱ्या वर्षाच्या बाडात सात जानेवारीपासून ठिपके तीन आहेत. रेघ उजवीकडे वर जाते, तुझी खाली येते. शाई निळीऐवजी काळी आहे. पंचवीस मार्चला पुन्हा दोन ठिपके. मधल्या सह्या मोजल्या. रविवार आणि सुट्ट्या सोडून चौसष्ट आहेत.

त्याच रकान्यात वर तोफमावशींची सही आहे. तिच्याखालीही तीन ठिपके आहेत.

हे लक्षात आल्यावर मी एक मिनिट फक्त अक्षरांचा विचार करत होते. मग तारखा वाचल्या.

सात जानेवारीला तू आमच्या घरी आलीस. मी नऊ वर्षांची होते. आईला आदल्या दिवशी दवाखान्यात हलवलं होतं. सतरा मार्चला आई गेली. त्यानंतर तू एक आठवडा राहिलीस. हे मला पाठ आहे. कोणी रात्री उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

आणि मी तीनदा पडताळलं. नोंद नोंदीशी ताडून पाहिली. स्वतःच्या घरात घडलेलं एकदाही आठवलं नाही. तू अकरा आठवडे माझ्या डब्यात पोळी भरत होतीस आणि मी तुझी हजेरी शंभर टक्के म्हणून छापायला निघाले होते. बाहेरच्या माणसाकडून ही चूक झाली असती तर समजलं असतं. तू नाव काढ म्हणालीस तेव्हा मी तुला नियम शिकवले, तेही आठवतंय.

आता परिस्थिती लिहिते. समितीला तीन ठिपके दिसतील, कारण मला दिसले. दुसऱ्याच्या नावाने सही करणं हा बडतर्फीचा गुन्हा आहे आणि त्याला मुदत नाही. तोफमावशींना चार महिने उरलेत. त्या जातील. तूही जाशील.

तुझ्या शाळेचं बाड मी अजून स्कॅन केलेलं नाही. बाजूला ठेवलंय. सध्या याच्या पलीकडे काही सुचत नाही.

तुझी भाची


२१ नोव्हेंबर

बाळ,

बरं झालं तूच पाहिलंस. आठवडाभर झोप नव्हती, पत्र आलं आणि दुपारी खुर्चीतच डोळा लागला. तोफेने हलवून उठवलं.

आता सगळं ऐक. मी तेव्हा कायम झाले नव्हते. दोन वर्षं सलग काम झालं की कायम करायचे आणि मध्ये दहा दिवसांवर खंड पडला की घरी. मला अठरा महिने झाले होते. ताईचं कळलं तेव्हा मी जिन्यावर बसून रडत होते, वर्ग सुटायच्या आत रडणं उरकायचं होतं. तोफ आली. मी म्हटलं, नोकरी सोडते. ती म्हणाली, “सोडतेस कशाला? तू जा. दोन्ही इमारती मी उघडीन. आणि तुझी सही म्हणजे काय गं, मेलेला किडा. येते मला.”

अकरा आठवडे तिने दोन्ही इमारती उघडल्या. बत्तीस खोल्या. पाणी भरलं, घंटा दिल्या, छोट्यांची नाकं पुसली. स्वतःच्या घरी तिची सासू अंथरुणावर होती, ते मला परत आल्यावर कळलं. तिने सांगितलं नव्हतं.

आणि त्या वेळच्या मोठ्या बाई. त्या रोज हजेरीपट बघायच्या, अगदी बोट फिरवून. त्या अकरा आठवड्यांत त्या चष्मा घरी विसरायला लागल्या. मी परत आले त्या दिवशी त्यांना चष्मा सापडला. मला म्हणाल्या, “काल खिडक्या नीट पुसल्या नव्हत्यास.” एवढंच. त्या आता नाहीत.

आता खरं सांगते, तुला हसू आलं तर हस. मला ते नाव हवं होतं. तुझं पहिलं पत्र वाचून मी आरशात पाहिलं, फोटो कसा येईल म्हणून. एकवीस वर्षं तुमचं वार्तापत्र शाळेत येतं. फलकावर मी लावते, टाचण्या मी टोचते, जुना काढून रद्दीत मी टाकते. त्यात शिक्षक असतात, साहेब असतात, झाडं लावणारे असतात. शिपाई एकदाच आली, कुठल्याशा समारंभाच्या फोटोत माझं कोपर आलं होतं. तोफेने त्यावर पेनाने बाण काढून दिला होता. मग वाटलं, त्या तीन महिन्यांनंतरची एकोणीस वर्षं तरी खरी आहेत ना? तापात आले, लंगडत आले. पण तुझं पान एकोणीस वर्षांना नाव देत नाही.

तू मात्र खाडाखोड करू नकोस. बाड गहाळ करू नकोस. तुला ते जमणार नाही, तुझा चेहरा लगेच पडेल. तोफ म्हणते, ती स्वतः येऊन साहेबांना सांगते. मी तिला म्हटलं, तुझ्या आवाजात सांगितलंस तर सगळ्या गावाला कळेल. हसली, पण डोळ्यांत पाणी होतं.

काय करायचं ते सांग. दमले आता.

मावशी


२४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

मला हसू आलं नाही.

तोफमावशींना थांबायला सांग. नोंद न बदलता एक गोष्ट करता येते. यादीची अट ‘तीस नोव्हेंबरपर्यंत एकही रजा नाही’ अशी आहे. तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता प्रोग्राम शेवटचा चालेल. त्याआधी तुझ्या नावावर एक दिवसाची किरकोळ रजा पडली तर तुझं नाव आपोआप गळेल. कोणाला हात लावावा लागणार नाही, कोणी कारण विचारणार नाही. यादीत नसलेल्यांचे हजेरीपट समितीसमोर जात नाहीत. तुझ्या शाळेचं बाड स्कॅन न होता परत येईल.

रजा खरी असली पाहिजे. अर्ज आदल्या दिवशी, तुझ्या सहीने. त्या दिवशी शाळेत पाऊल टाकू नकोस. किल्ल्याही घरी ठेवू नकोस.

त्या चौसष्ट सह्या मी दुरुस्त करत नाही आणि फाडतही नाही. कोणी मला थेट विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. थेट विचारण्याइतकं कोणी वाचत नाही, हे मी इथे साडेचार वर्षांत पाहिलं आहे. माझ्या प्रशिक्षणात हे बसत नाही. दोन दिवस विचार केला, तरी बसत नाही. तरीही मी हेच करणार आहे.

यात तुझं पान जाईल. दुसरा मार्ग असता तर मी शोधला असता. शोधलाही.

तुझी भाची


२८ नोव्हेंबर

फूटपट्टे,

घेतली रजा. आज. आत्ता साडेसहा वाजलेत, म्हणजे दिवस संपलाच.

काल अर्ज दिला तर आत्ताच्या मोठ्या बाई हबकल्या. “मावशी, बरं नाही का?” मी म्हटलं, बरं आहे. “मग दोन दिवस थांबा की. यादी लागू दे, मग आठवडाभर घ्या. एकवीस वर्षांवर पाणी कशाला ओतता?” सगळा स्टाफ गोळा झाला. चित्रकलेचे सर म्हणाले, घरी काम आहे का, मी करून येतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्जात कारणाचा रकाना होता, त्यात ‘घरगुती’ लिहिलं. ते खोटं नाही. बाईंनी सही केली, पण रागावल्याच. माझ्यासाठी त्यांनी आधीच चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. वाचून दाखवल्या नाहीत, घडी करून खणात टाकल्या.

सकाळी पाचला जाग आली. आंघोळ करून तयार झाले आणि खुर्चीत बसले. किल्ल्या तोफेकडे दिलेल्या, तर कंबरेला हलकं हलकं वाटत होतं, काहीतरी पडल्यासारखं. मग बाजारात गेले. सकाळी दहा वाजता बाजारात इतकी माणसं असतात हे मला माहीत नव्हतं. यांना कामं नाहीत का? दुपारी पडदे धुतले. कालच धुतलेले होते.

संध्याकाळी तोफ आली. दोन्ही इमारती तिनेच केल्या आज, बदली माणूस मागितलाच नाही. चपला काढल्या, भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले. तिचेही पाय सुजतात आता. म्हणाली, “तुझ्या नावापुढे बाईंनी लाल शाईत ‘रजा’ लिहिलं. मी बघत उभी होते. हात नुसता शिवशिवत होता गं.”

दोघी हसलो. चहा तिनेच केला.

सुटलो ना आपण? लिही.

मावशी


४ डिसेंबर

प्रिय मावशी,

सुटलो. यादी तेरा नावांची झाली. समितीने दोन दिवसांत काम संपवलं. तुझ्या शाळेची बाडं आज गाडीने परत निघाली, तशीच बांधलेली.

साहेबांनी जुन्या आणि नव्या यादीतला फरक पाहिला. म्हणाले, “ही एक शेवटच्या दोन दिवसांत गेली. कमाल आहे. यायला काय होत होतं?” मी म्हटलं, तिला काम असेल. ते म्हणाले, “असलं कसलं काम?” उत्तराची वाट न बघता त्यांनी पुढचा कागद ओढला.

अंक काल छापायला गेला. अखंड हजेरीचं पान मीच लावलं. चौदा चौकटींची जागा आखली होती, एक काढून बाकीच्या थोड्या रुंद केल्या. कोणाला कळणार नाही. आठवड्याभरात तो तुझ्याकडे येईल आणि तुलाच फलकावर लावावा लागेल. मी तो थांबवू शकत नाही.

एक विचारायचं आहे. तू आमच्याकडे होतीस तेव्हा रोज सकाळी डबा भरून झाला की स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहायचीस. दोन-तीन मिनिटं. मी बूट घालत असायचे. मला वाटायचं, बाबा रात्रपाळीहून येताना दिसतात का ते बघतेस. पण बाबा त्या बाजूने येत नसत. काल हिशेब केला. तेव्हा सात वाजलेले असायचे. तुमची पहिली घंटा सातला होते, आणि तेव्हा ती तोफमावशी देत होत्या. एवढं बरोबर आहे का ते सांग.

पुढच्या शुक्रवारी मी रजा टाकली आहे. मंजूर झाली. अकराच्या गाडीने येते. तोफमावशींना मधल्या सुट्टीत थांबायला सांग. त्यांच्याशी बोलायचं आहे. काय म्हणायचं ते पाच वेळा लिहून पाहिलं, जमलं नाही. लिहून न आणताच येते.

तुझी भाची